सोयर

सोयर-सुतक या विषयावरून माझं आणि सासूबाईंचं लग्नाच्या पहिल्याच वर्षी वाजलं. घरात सत्यनारायण ठरला होता. माझ्या माहेरची माणसं वसईच्या एव्हरशाईन सिटीतून रिक्षा करून येणार होती, प्रसादाचा रवा निवडून ठेवला होता, आणि आदल्या संध्याकाळी पुण्याहून फोन आला की भावकीतल्या कुणाला तरी मुलगा झाला. झालं! सासूबाईंनी देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला. आता दहा दिवस पूजा नाही, दिवा नाही, देवळाची पायरी चढायची नाही. जन्माचं सोयर.

"त्या बाळाला आपण पाहिलंसुद्धा नाही," मी म्हटलं. "त्याच्या बापाला मी रस्त्यात ओळखणार नाही. पुण्यात कुणीतरी ट्यँहां केलं म्हणून आगाशीत माझा सत्यनारायण बंद?"

"आपल्यात माणूस वाढलं ना," त्या म्हणाल्या. "मग सोयर येणारच. तू मान नाही तर नको मानू."

मी नाही मानलं. माझे वडील साताऱ्याकडचे, नोकरीनिमित्त इकडे आलेले. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मला शेजारच्या दारावरची पाटी माहीत, भावकी माहीत नाही. त्यात मी गणिताची शिक्षिका, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची खोड. तो रवा मी रागारागाने डब्यात भरला आणि पुढचे कितीतरी दिवस सगळ्यांना उपमा खाऊ घातला. हे आधी सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

आमचं घर वाडीतलं. पुढे जास्वंद, मागे केळी, विहिरीकडच्या बाजूला सोनचाफा. नवरा अंधेरीला नोकरीला जातो आणि सुट्टीच्या दिवशी लुंगी गुंडाळून केळीत शिरतो. सासरे मी येण्याआधीच गेले होते. ते भावांत थोरले, म्हणून भावकीचा गणपती आमच्याच घरात बसायचा आणि त्या दिवशी ओटीवर पाय ठेवायला जागा नसायची. घरात सगळे आपसांत त्यांची स्वतःची बोली बोलतात. सासूबाई माझ्याशी मात्र पुस्तकातली मराठी बोलायच्या, पाहुण्यांशी बोलतात तशी. मला बोली कळायची, बोलता यायची नाही. मला कळते हे त्यांना बरीच वर्षं माहीत नव्हतं, आणि त्यामुळे माझी चांगली करमणूक व्हायची.

आम्हाला मूल होत नव्हतं. डॉक्टर झाले, सुया झाल्या, कुणीकुणी सांगितलेली झाडपाल्याची औषधं झाली. स्टाफरूममध्ये कुणी पेढे वाटले की सगळ्यांचे डोळे आधी माझ्याकडे वळायचे. एका रविवारी केळीच्या बुंध्याशी पाला ओढताना मी नवऱ्याला म्हटलं, "पुरे झालं. मला मूल हवंय, दवाखाना नकोय. आपण दत्तक घेऊ या."

तो पाला तसाच हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "मी गेल्या वर्षापासून हेच म्हणायचं म्हणतोय. तू अंगावर येशील म्हणून गप्प होतो."

"आलेच असते," मी म्हटलं. आणि आम्ही दोघं हसत सुटलो. किती दिवसांनी!

सासूबाई अंगणात सुकेळी घालत होत्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, रोज उलटायची, ऊन उतरलं की आत घ्यायची, असा तो खटाटोप. आमचं ऐकून त्यांनी मान वर केली नाही. हातातलं केळं सोललं, कारवीच्या तट्ट्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आणा."

एवढंच. आणा. गॅस आणा, मीठ आणा, मूल आणा. नाही म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण या 'आणा'ला काय उत्तर देणार? रात्री नवरा म्हणाला, "आई हो म्हणाली ना, मग?" त्याला नाही कळलं.

माझं सरळ होतं. मूल येणार याबद्दल मला तसूभर शंका नव्हती. आज येईल, चार वर्षांनी येईल, पण येईल. देवावर माझा जेवढा विश्वास आहे त्याच्या दुप्पट माझा या गोष्टीवर होता. प्रश्न पुढचा होता. या घरात, या भावकीत ते मूल आपलं म्हणून वाढणार, की जन्मभर 'आणलेलं' म्हणून? मला कुणाचे उपकार नको होते. मला तिच्यासाठी पूर्ण हक्क हवा होता. तिच्यासाठी म्हणते, कारण मुलगीच येणार हेही मी ठरवून टाकलं होतं.

नाव नोंदवलं. मग घर बघायला संस्थेच्या बाई येणार असा निरोप आला. कुटुंब कसं आहे, मूल इथे नीट वाढेल का, हे बघून त्या अहवाल देणार होत्या. मी हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि सरळ मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम मांडला! सकाळी उठून बघते तर ओटीवर नवी चादर, स्वयंपाकघरात कांदेपोहे, आणि मला हुकूम, "ती हिरवी साडी नेस, ड्रेस नको." वर घरातला मोठा माणूस असावा म्हणून काकांना बोलावणं. काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सासरे गेल्यापासून भावकीतले सगळ्यांत वडीलधारे तेच. पांढरी टोपी घालून येऊन बसले आणि बाईंना पणजोबांपासून सुरुवात करून आमच्या घराण्याची महती सांगू लागले. मी कपाळावर हात मारून घेतला.

बाई समंजस होत्या. पोहे खाल्ले, सुकेळी दोनदा मागून घेतली. आम्हाला वेगळं बसवून पुष्कळ विचारलं. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मूल घरात आल्यावर तुम्ही सगळे त्याला कसं सामावून घ्याल?"

काका लगेच म्हणाले, "काही काळजी करू नका. आणलेलं असलं तरी आम्ही त्याला काही कमी पडू देणार नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणलेलं असलं तरी! माणूस मनाने वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर तिथल्या तिथे सुनावलं असतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून अगदी डोळे फाडून पाहिलं. त्या म्हणाल्या, "आधी येऊ द्या तर." आणि बाई निघताना फाटकापर्यंत सोडायला जाऊन विचारतात कशा, "मग? कळवताय कधी?"

बाईंनी अहवाल चांगला दिला असावा, कारण आमचं नाव रांगेत लागलं. रांग केवढी, ते आम्हाला नंतर कळलं.

मी दर सोमवारी सकाळी चहाबरोबर फोनवर आमचा नंबर बघायची. कधी जरासा पुढे सरकलेला असायचा, कधी महिनोन् महिने जागचा हलायचा नाही. नवरा मधूनच खचायचा. "होईल ना गं?" असं विचारायचा, तेव्हा मी त्याला झापायची. "होईल का, असं नाही विचारायचं. कधी होईल, असं विचार." स्टाफरूममधल्या बायका हळूच म्हणायच्या, "एवढे दिवस लागतायत म्हणजे काही अडचण आहे का?" मी म्हणायची, "अडचण काही नाही, माझी मुलगी जरा सावकाश चालतेय." अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी मावशी पाटी उतरवून आधी 'पानी' मागायची आणि मग तोंडावर विचारायची, "आली का गो तुजी पोर?" मला तिचं बरं वाटायचं. नाही म्हटलं तर म्हणायची, "येल, येल," आणि पापलेटाचा भाव सांगायची.

सासूबाई काहीच विचारायच्या नाहीत. एकदा मी वसईच्या बाजारातून पाळणा बघून आले. चांगला सागवानी, वर लाकडी पोपट. फोटो दाखवला तर त्यांनी तोंड फिरवलं. "नको आणूस. रिकामा पाळणा घरात टांगू नये." मग मी दोन झबली आणली, तर ती त्यांनी माझ्या हातातून घेऊन शेजारच्या लेकीच्या बाळाला देऊन टाकली. माझ्या देखत! त्या दिवशी मी जेवले नाही. नवऱ्याला म्हटलं, "तुझ्या आईला हे मूल नकोय. तोंडाने हो म्हणतात आणि मनात नाही." तो म्हणाला, "तसं नसेल गं." पण त्याच्या आवाजात दम नव्हता.

मी मात्र धीर सोडला नाही, हे ठासून सांगते. वाट बघणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं, असं लोकांना वाटतं. मी त्या काळात गाडी चालवायला शिकले. आमची खोली रंगवून घेतली. अंगाईगीतं पाठ केली, ती वर्गात फळा पुसताना गुणगुणायची आणि दहावीची पोरं तोंडं लपवून हसायची. हसेनात का.

आणि मग श्रावण लागता लागता, मधल्या सुट्टीत, डबा उघडताना फोनवर मेसेज आला. मुलगी. आठ महिन्यांची. फोटोत कपाळाला आठ्या घालून बघत होती, कुणावर तरी जाम चिडलेली. मी स्टाफरूममध्ये ओरडलेच, "अगं बाई, ही तर माझ्यावर गेलीय!"

विदर्भातलं गाव होतं. आम्ही गेलो, तिला पाहिलं, डॉक्टरांशी बोललो, सह्या केल्या. पहिल्या दिवशी ती माझ्याकडे यायला तयार नव्हती. मीही घाई केली नाही, नुसती जमिनीवर तिच्यासमोर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ती रांगत आली आणि माझी ओढणी तोंडात घालून चोखायला लागली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, आणि ते बघून तिला हसू आलं. तिथल्या बाईंनी आम्हाला समजावलं की शेवटचा हुकूम कलेक्टर कचेरीतून यायला काही महिने लागतील. तोवर ती कागदोपत्री फक्त सांभाळायला दिलेली. "चालेल," मी म्हटलं. एवढं थांबले, आणखी थोडं.

घरी पोचलो ती संध्याकाळ गणपतीच्या दोन दिवस आधीची. गल्लीगल्लीत मांडव, रस्त्यावर मखरांची दुकानं, आमची गाडी मुंगीच्या पावलांनी आगाशीत शिरली. मला वाटलं होतं, घरातही तयारीची धांदल असेल आणि माझ्या मुलीकडे बघायला कुणाला सवड नसेल.

सासूबाई दारात उभ्या होत्या. भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. दोघींवरून तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, माझ्या डोळ्यांना पाणी लावलं. मग हात पुढे केले. मुलगी त्यांच्याकडे गेली आणि तिने पहिलं काम काय केलं, तर त्यांचा चष्मा ओढला. सासूबाई तिला रागावल्या. लटकं रागावल्या, आणि घरच्या बोलीत रागावल्या! इतकी वर्षं जी बोली त्यांनी माझ्याशी वापरली नव्हती ती त्या पोरीशी पहिल्या मिनिटापासून बोलायला लागल्या. मी चपला काढायच्या विसरून तशीच उभी.

थोड्या वेळाने काका आले. हातात मखराला लावायच्या झिरमिळ्या. नमस्कार-चमत्कार झाले, त्यांनी मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, "गोड आहे हो," म्हणाले. मग देव्हाऱ्याकडे वळले आणि थबकले. पडदा ओढलेला.

"वहिनी, परवा गणपती, आणि देवावर पडदा?"

"सोयर आहे, भाऊजी."

काका गडबडले. "कुणाकडे? मला नाही कुणी कळवलं."

"आपल्याकडेच," सासूबाई म्हणाल्या. "मुलगी झाली."

काकांनी झिरमिळ्या खाली ठेवल्या. "अहो, पण ही तर आणलेली. दत्तकाला सोयर नसतं, वाटल्यास गुरुजींना विचारा. आणि अजून कागदही पक्के व्हायचेत म्हणता."

"गुरुजींच्या पोथीत नसेल. माझ्या घरात आहे."

"मूर्तीवाल्याकडे पाट जाऊन बसलाय, वहिनी. या घरात गणपती कधी चुकलेला नाही."

"चुकलाय की." सासूबाईंनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "हा झाला ते वर्ष आठवा. चतुर्थीच्या तोंडावरच झाला. तेव्हा गणपती माघात बसवला आणि माघात तुम्ही मोदक खाल्लेत. त्याच्या वेळी पाळलं, मग हिच्या वेळी का नाही?"

"तो आपल्या घरात जन्मला."

"कुठला घरात? विरारच्या दवाखान्यात जन्मला. घरी त्यालाही आणलाच होता, टांग्यातून. टांगा तुम्हीच ठरवला होता, भाऊजी."

काकांनी टोपी घातली आणि निघून गेले, चहासुद्धा न घेता. चाळीसेक माणसांचा गणपती या एका वाक्यावर बंद झाला होता, आणि मला धडकी भरली. भावकी तुटली तर? पहिल्याच दिवशी माझ्या मुलीच्या नावाने बोटं मोडली गेली तर?

"आई," मी म्हटलं, "बसवू या ना गणपती. मी सोयर मानत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. मला काही वाईट वाटणार नाही."

"तू गप्प बस," त्या म्हणाल्या, तेही बोलीत. माझ्याशी, पहिल्यांदा. "बाळंतिणीने एवढं बोलू नये."

बाळंतीण! मी तिथेच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि हुंदके देऊन रडले. आता मला पाळण्याचं कळलं, झबल्यांचं कळलं. पोटुशी सुनेला सासू जे जे करू देत नाही, तेवढंच ही बाई मला करू देत नव्हती. इतकी वर्षं! मी रांगेतला नंबर बघत होते, आणि ती माझे दिवस भरायची वाट बघत होती.

त्यांनी मला रडू दिलं. मग फोन घेऊन बसल्या. एकेका घराला फोन, सगळ्यांना तेच वाक्य. "आमच्याकडे मुलगी झाली. दहा दिवस देव बंद ठेवा." पुण्यालाही फोन गेला. तिथल्या एखाद्या सुनेने कपाळाला हात लावून 'आम्ही तिला पाहिलंसुद्धा नाही' म्हटलं असेल, तर माझी तिला पूर्ण सहानुभूती आहे. पण पडदा ओढावाच लागणार होता. मी मनातल्या मनात म्हटलं, ओढा. चांगला घट्ट ओढा.

चतुर्थीची सकाळ उजाडली. लांब कुठेतरी ताशा वाजत होता, वाडीत मात्र सगळं शांत. एरवी या वेळी आमच्या ओटीवर दुर्वा निवडायला बायकांची गर्दी असते. मी झाडून काढत होते. काका रोज सकाळी आमच्या फाटकावरून देवळात जातात, हातात फुलांची परडी असते. आज ते आले, फाटक उघडून आत आले आणि ओटीवरच्या बाकावर बसले. हात रिकामे.

"काका, आज देवळात नाही गेलात?"

त्यांनी मठ्ठ मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं. "सोयरात देवळात जातात का? एवढी शिकलेली तू, एवढं कळू नये?"

आतून मुलीचा उठल्याचा आवाज आला. काकांनी टोपी काढून बाजूला ठेवली, मांडीवरचं धोतर सारखं केलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"आण बघू तिला इकडे."

मी आत गेले आणि आणली.